गाडी तीच, रस्ता वेगळा : भारत-अमेरिका ड्रायव्हिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी भारतातलं आणि अमेरिकेतलं ड्रायव्हिंग या एकाच विषयावर इतके प्रश्न आलेत की सगळी जागा त्यालाच दिलीय. मी न्यू जर्सीत राहते, नवीन आलेल्या आपल्या मंडळींच्या शेजारी बसून त्यांना इथल्या रस्त्याची सवय करून देते, आणि सुट्टीत घरी आले की कोल्हापूर-सातारा पट्ट्यात गाडी चालवतेच, त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकते. एक मात्र आधीच सांगते, अमेरिकेत वाहतुकीचे नियम राज्याराज्यांत बदलतात. मी ज्या राज्याचं नाव घेतेय ते तिथलं धरा, तुमचं राज्य दुसरं असेल तर तिथली ड्रायव्हरची पुस्तिका नेटवर फुकट मिळते, ती एकदा वाचाच.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालोय. सांगली-पुणे अजून स्वतः गाडी चालवत जातो. आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला चाललोय. मुलगा म्हणतो, बाबा तिकडे गाडीला हात लावायचा नाही. आपलं लायसन्स चालतं का, आणि मी चालवावी की नाही? – एक वाचक, सांगली

काका, आधी कागदाचं बोलू. फिरायला आलेल्या माणसाला बऱ्याच राज्यांत आपल्या भारतातल्या लायसन्सवर काही काळ गाडी चालवता येते, पण सोबत आंतरराष्ट्रीय परमिट असलेलं बरं. ते आपल्या आरटीओतूनच मिळतं, परिवहनच्या साइटवर अर्ज करायचा, पासपोर्ट लागतो, फी १००० रुपये आणि मुदत एक वर्षाची. हे परमिट एकटं चालत नाही बरं का, मूळ लायसन्स खिशात पाहिजेच आणि त्याची मुदतही संपलेली नको. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मुलाला सांगा की त्याच्या इन्शुरन्स कंपनीला विचार, वडील पाहुणे म्हणून आलेत ते गाडी चालवतील तर पॉलिसीत बसतं का, आणि उत्तर लेखी घे. इथे अपघात झाला तर समोरच्याच्या दवाखान्याचं बिल माणसाला कर्जात घालू शकतं, म्हणून हे पहिलं.

आता प्रत्यक्ष चालवण्याचं. सगळ्यांना वाटतं उजव्या बाजूने चालवणं हीच मोठी अडचण. ती तशी पटकन जमते, कारण पुढे गाड्या असतात, त्यांच्या मागे आपण जातो. गोंधळ होतो तो रिकाम्या रस्त्यावर, पहाटे पहाटे, मॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना, आणि सगळ्यात जास्त डावीकडे वळताना, तिथे हात आपोआप जुन्या बाजूला जातो. यावर मी सगळ्यांना एकच खूण सांगते: अमेरिकेत रस्त्याच्या मधली रेष पिवळी असते आणि ती कायम तुमच्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. पिवळी रेष उजव्या हाताला दिसली की समजा तुम्ही राँग साइडला आहात. आणि इंडिकेटरची दांडी इथे स्टिअरिंगच्या डावीकडे असते, आपल्या बऱ्याच गाड्यांत उजवीकडे, त्यामुळे वळायच्या वेळी वायपर सुरू होतात, माणूस खाली बघतो आणि तेवढ्यात वळण येतं. हे सगळं रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये बसवून घ्या.

डावीकडचं वळण मात्र वेगळं समजून घ्या. आपल्याकडे उजवीकडे वळताना आपण गाडीचं तोंड हळूच आत घालतो, समोरून येणारा आपल्याला बघतो, थोडा ब्रेक मारतो, आपण निघतो. तो बघतोय, तो हळू करणार, हा आपला हिशोब असतो आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा बरोबरही येतो. इथे समोरून येणाऱ्याला सिग्नल हिरवा असेल तर तो वेग कमी करत नाही कारण त्याला खात्री असते की समोरचा थांबणारच. म्हणजे इथे दुसऱ्याच्या डोळ्यात बघून गाडी चालवता येत नाही, काका. मला विचाराल तर दोन देशांतला खरा फरक हाच आहे, डावं-उजवं त्यामानाने किरकोळ. हिरवा बाण नसेल तर समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबा, मागचा कितीही चिकटलेला असो. न्यू जर्सीत तर अनेक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायलाच मिळत नाही, आधी उजवीकडच्या फाट्याने बाहेर पडायचं आणि फिरून सिग्नलवर यायचं, त्याला जगहँडल म्हणतात, त्यामुळे पाट्या लांबूनच वाचत चला. पेट्रोलची मात्र काळजी नको, न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, आपल्यासारखाच पंपावरचा माणूस येऊन भरतो.

माझं मत, चालवा. पण दिवसा, मुलगा शेजारी, घर ते वाण्याचं दुकान ते देऊळ एवढ्या ठरलेल्या रस्त्यांवर. टर्नपाइक, म्हणजे टोलचा मोठा महामार्ग, नको आणि बर्फाच्या दिवसांत तर अजिबात नको.

प्रश्न : लग्नानंतर सनीवेलला आलेय. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले पण गाडीच्या टेस्टमध्ये नापास, परीक्षक म्हणाल्या स्टॉपवर थांबली नाहीस. मी थांबले होते! रस्ता पूर्ण रिकामा होता. नाशिकमध्ये चार वर्षं गाडी चालवलीय मी. – एक वाचक, कॅलिफोर्निया

अगं, तू हळू केलीस, थांबली नाहीस. चिडू नकोस, हे भारतातून आलेल्या अगदी चांगल्या ड्रायव्हरचंच होतं. लाल अष्टकोनी पाटी दिसली की रेषेच्या अलीकडे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, गाडीला मागे हलका झोका बसतो ना, तो बसला की थांबली असं समज. मग डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे बघायचं आणि निघायचं. रस्ता रिकामा आहे की नाही याचा इथे काही संबंध नाही, रात्री दोन वाजता चिटपाखरू नसेल तरी थांबायचं. न थांबता हळूच सरकत जायची खोड इथल्यांनाही आहे, तिला गमतीने कॅलिफोर्निया स्टॉपच म्हणतात, पण टेस्टमध्ये ती चालत नाही आणि पोलिसांसमोरही नाही.

चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडचा आधी. एवढंच. पण आपली माणसं इथे फार घोळ घालतात, आपला नंबर असताना हात दाखवून समोरच्याला "या या, तुम्ही या" म्हणतात. भावना चांगली असते गं, पण मग समोरचा बिचकतो, तिसरा म्हणतो आता माझा नंबर आला, आणि तिघं एकदम निघतात. आपली पाळी आली की जायचं, नसेल तर थांबायचं, बाकीचे तेवढंच धरून चालतात.

लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं असेल तरी तसंच. कॅलिफोर्नियात आधी पूर्ण थांबून, चालणाऱ्यांना आणि बाकी गाड्यांना जाऊ देऊन मग वळता येतं, "लालवर वळू नका" अशी पाटी नसेल तर. आणि न्यूयॉर्क शहरात गेलीस तर उलटं, तिथे पाटीवर परवानगी लिहिली असेल तरच वळायचं. नाशिकला फ्री लेफ्ट म्हणून आपण न थांबता वळतो ती सवय विसरून जा. लेन बदलताना नुसत्या आरशात बघू नकोस, मान वळवून खांद्यावरून मागे बघ आणि परीक्षकांना दिसेल असं बघ. पुढच्या वेळी पास होशील.

प्रश्न : डिपर मारल्यावर अमेरिकेत लोक उलटं वागतात असं मित्र म्हणतो. खरं का? – एक वाचक, पुणे

खरंय, आणि यातून अपघात होऊ शकतो म्हणून नीट वाच. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे "मी येतोय, तू थांब". अमेरिकेत बहुतेक वेळा त्याचा अर्थ "तू जा, मी थांबतो" असा घेतला जातो, नाहीतर "तुझा अप्पर चालू आहे, खाली कर". म्हणजे समज, तू सरळ जातोयस, समोरचा वळायला उभा आहे, तू सवयीने डिपर दिलास थांब म्हणून, आणि त्याला वाटलं हा मला वाट देतोय, तो सरळ तुझ्या पुढ्यात वळला. म्हणून इथे डिपरने बोलायचंच नाही.

हॉर्नचंही तेच. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी इथे आहे", त्यात राग नसतो. ट्रकच्या पाठीवरचं "हॉर्न ओके प्लीज" महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केलं तरी सवय आहेच. इथे मागून हॉर्न आला म्हणजे शिवी घातल्यासारखं वाटतं लोकांना. पण गंमत बघ, कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच आहे की अरुंद डोंगरी रस्त्यावर पुढचं वळण दिसत नसेल तर हॉर्न द्यायचा, म्हणजे आपल्या घाटातलाच नियम. आणि चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावायची आपली पद्धत दोन्ही देशांत चूक आहे, बाजूच्याला एकच दिवा दिसतो आणि त्याला वाटतं तू वळतोयस.

प्रश्न : नातवाची पिवळी शाळेची बस थांबते तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्यासुद्धा थांबतात. समोरच्यांनी का थांबायचं? – एक आजी, सध्या न्यू जर्सी

आजी, बसमधून उतरलेलं पोर रस्ता ओलांडून पलीकडे जाणार म्हणून. तुमच्या लक्षात आलं असेल, बसला लाल दिवे लुकलुकतात आणि बाजूने थांबा लिहिलेला हात बाहेर येतो. मग मागच्यांनी आणि समोरच्यांनी, दोघांनी थांबायचं, न्यू जर्सीत बसपासून निदान २५ फूट लांब. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी ताशी १० मैलांवर यायचं, म्हणजे साधारण १६ किलोमीटर, सायकलचा वेग. बसने दिवे बंद करेपर्यंत कुणी हलत नाही.

मला अमेरिकेतले सगळे नियम आवडतात असं नाही, पण हा एक फार आवडतो. रस्त्यावरचा सगळ्यात लहान माणूस ठरवतो की बाकीच्यांनी काय करायचं. आपल्याकडे एसटीतून उतरलेली शाळेची मुलं बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडतात आणि मागून येणारा त्याच वेळी बसला ओव्हरटेक करत असतो, हे गावोगावी रोज घडतं आणि मला ते बघवत नाही. निदान आपण स्वतः, थांबलेल्या एसटीच्या किंवा शाळेच्या बसच्या बाजूने जाताना ब्रेकवर पाय ठेवला तरी खूप झालं, त्याला कायदा कशाला पाहिजे.

अँब्युलन्सला वाट द्यायचा नियम मात्र दोन्हीकडे आहे. अमेरिकेत उजव्या कडेला घेऊन पूर्ण थांबायचं. आपल्याकडे वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, हे फार लोकांना माहीतच नसतं.

प्रश्न : म्हणजे शेवटी आपल्याच लोकांना शिस्त नाही असंच ना? – एक वाचक, ठाणे

नाही, मला हे मान्य नाही. तीच माणसं, तेच हात, सनीवेलला आले की महिनाभरात स्टॉपवर थांबायला लागतात. मग फरक कुठे पडला?

आपला कायदा वाचा. २०१७ चे मोटार वाहन चालवण्याचे नियम आहेत केंद्राचे, त्यात सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्या, झेब्रावर चालणाऱ्याचा हक्क पहिला, सगळं लिहिलंय. अमेरिकेत आहे त्यातलं बरंचसं आपल्याकडे कागदावर आहेच. पण लायसन्स काढताना हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का? कॅलिफोर्नियात मोठ्या माणसाला लेखी परीक्षेत ३६ पैकी ३० बरोबर लागतात, न्यू जर्सीत ५० पैकी ४०, आणि त्यात हा कुणाचा हक्क आधी हाच विषय मुख्य असतो. मग कॅलिफोर्नियात परीक्षक शेजारी बसून खऱ्या रस्त्यावर घेऊन जातात. आपल्याकडे बऱ्याच जणांनी मैदानात आठचा आकडा काढून लायसन्स घेतलंय. ज्याला पाळी कुणाची हे शिकवलंच नाही तो फट दिसेल तिथे घुसणार, दुसरं करणार काय? त्यात झेब्राचे पट्टे पुसलेले, स्टॉपची रेष नाही, फुटपाथवर गाड्या.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारचा आकडा आहे. अमेरिकेत त्याच वर्षी सुमारे ४२ हजार. पण अमेरिकाही काही आदर्श नाही हं, त्यात साडेसात हजारांवर लोक पायी चालणारे होते, रस्ते सहा-सहा लेनचे, पिकअप गाड्यांची तोंडं माणसाच्या छातीएवढी उंच. आपण तिकडून काय उचलायचं तर स्टॉपची रेष, स्कूल बसचा नियम आणि परीक्षा. रुंद रस्ते आणि मोठ्या गाड्या नकोत.

प्रश्न : अमेरिकेत एक-दोन बिअर पिऊन चालवलं तर चालतं म्हणे? – एक वाचक, नागपूर

कायद्याची मर्यादा बहुतेक राज्यांत रक्तात ०.०८ टक्के आहे, युटा राज्यात ०.०५, आणि भारतात १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम म्हणजे ०.०३. कागदावर भारत जास्त कडक आहे. पण तिकडे पकडलं की बेड्या घालून नेतात, लायसन्स जातं, इन्शुरन्स प्रचंड वाढतो आणि व्हिसावर असाल तर व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. कॅलिफोर्नियात तर प्रवाशाच्या हातात उघडी बाटली असली तरी गुन्हा. पिऊन चालवू नका, दोन्हीकडे.

प्रश्न : मुलगा शिकायला टेक्सासला गेलाय, जुनी गाडी घेतलीय. पोलिसांनी थांबवलं तर त्याने काय करायचं? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, त्याला आजच फोन करून हे सांगा. मागे दिवे लागले की इंडिकेटर देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबायचं, गाडीतच बसून राहायचं, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. आपल्याकडे आपण उतरून साहेबांकडे चालत जातो, ते आदराचं समजलं जातं. तिकडे उतरून चालत येणारा माणूस पोलिसाला धोका वाटतो, त्यांच्या मनात बंदुकीचा विचार असतो. कागद डॅशबोर्डच्या खणात असतील तर आधी तोंडाने सांगायचं की मी तिथून काढतोय, मग हात घालायचा. वाद घालायचा नाही, तिकीट, म्हणजे दंडाची पावती, मिळालं तर घ्यायचं, चूक वाटत असेल तर कोर्टात जाऊन म्हणणं मांडता येतं. आणि पैसे देऊन मिटवायचा विचार मनातही आणायचा नाही, तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

प्रश्न : वीस वर्षं शिकागोत आहोत. डिसेंबरात पुण्याहून चिपळूणला स्वतः गाडी चालवत जायचं म्हणतोय, नवरा आणि दोन मुलं सोबत. वेडेपणा आहे का? – एक वाचक

वेडेपणा नाही, पण आल्या आल्या जेटलॅगमध्ये नको. जुनं भारतीय लायसन्स असेल तर त्याची मुदत बघा, संपली असेल तर अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा. गाडी भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

चालवताना तुमची अडचण सांगलीच्या काकांच्या बरोबर उलटी होणार. तुम्ही पाळीवर विश्वास ठेवाल आणि भारतात समोरचा तुमच्याकडे बघून ठरवतोय. हिरवा लागला तरी एक क्षण थांबा, दोन्हीकडे बघा, मग निघा. डावीकडून दुचाकी येणारच आहे, डावा आरसा उजव्याइतकाच बघा. समोरून बस ओव्हरटेक करत तुमच्या बाजूला आली तर तुमचा हक्क आहे हे सिद्ध करायची ती वेळ नाही, डावीकडे सरका आणि जाऊ द्या.

सातारा-कराड भागात डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा मोसम. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, उसाने काठोकाठ भरलेल्या, मागे दिवा नाही, कधी रिफ्लेक्टरही नाही, आणि वेग पायी चालण्यापेक्षा थोडाच जास्त. समोरून अप्पर मारत कुणी आला की डोळे दिपतात आणि ट्रॉली दिसेपर्यंत तुम्ही तिच्यावर असता. अंधार पडल्यावर त्या पट्ट्यात गाडी चालवू नका असं मी माझ्या घरच्यांनाही सांगते. सकाळी लवकर निघा म्हणजे कराडहून वळून कुंभार्ली घाट दिवसा उतराल. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तुम्ही उतरताय म्हणजे तुम्ही थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं. कॅलिफोर्नियातही कायदा तोच आहे. वळणावर हॉर्न द्या, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, आणि गावात शिरताना वेग आधीच कमी करा कारण स्पीडब्रेकरवर रंग असेलच असं नाही.

मुलांची कार सीट शिकागोहून आणता आली तर आणा. मागचे बेल्ट लावणंही भारतात सक्तीचं आहे, न लावल्यास १००० रुपये दंड, पण पुष्कळ गाड्यांत त्यांची कुलपं सीट कव्हरखाली दडपलेली असतात. गाडी ताब्यात घेतानाच मागची कव्हरं उचलून बघा, बेल्ट अडकतात का तपासा, आणि अडकत नसतील तर दुसरी गाडी मागा.